विंचवाचं बिऱ्हाड आणि आपला अंक

गेल्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त आपल्या ई-अंकात आला, तेव्हा त्याची शेवटची ओळ अशी होती : ‘दोन दिवस राबणाऱ्या आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार.’ म्हणजे मी तरी अशी लिहिली होती. वाचकांच्या मोबाइलवर पोचलेल्या पीडीएफमध्ये मात्र ‘आचार्यांचे मनःपूर्वक आभार’ असं दिसत होतं. पुऱ्या तळणारे राहिले बाजूला आणि आभार गेले आचार्यांना! दोघा-तिघांनी मला विचारलंसुद्धा, ‘आचार्य म्हणजे नक्की कोण गं? आपल्याकडे तर प्राचार्य आहेत.’

हसण्यावारी नेलं, पण चूक शोधताना हसू गेलं. माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल तोच अंक बरोबर बनवत होती. त्या रात्री माझा चार्जर बंद पडला म्हणून अंकाची शेवटची पीडीएफ मंडळातल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर काढली. इंटरनेटवरून चिकटवलेल्या मजकुरातल्या जास्तीच्या जागा काढायला आम्ही एक छोटा प्रोग्राम वापरतो. त्याच्याकडे त्याची जुनी प्रत होती. ‘आचाऱ्यांना’मधला तो आडवा, पापणीसारखा र टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडक चिन्ह. मी दुसऱ्या रीतीने टाइप केलं होतं. जुन्या प्रोग्रामने ते न दिसणारं चिन्ह कचरा समजून झाडून टाकलं. जोडक गेल्यावर संगणकाला साधा रफार काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात.

थोडक्यात, मजकूर एका घरातून दुसऱ्या घरात गेला, पण त्याची भांडीकुंडी मागे राहिली. ती मजकुरासोबत कशी पाठवायची, म्हणजे इमेज बनवण्याची जागा टर्मिनलवरून कशी मांडायची, हे या लेखात सांगते. संगणकशास्त्राची पार्श्वभूमी लागणार नाही. टर्मिनलच्या काळ्या खिडकीची भीती मात्र थोडा वेळ बाजूला ठेवायची.

दुखणं जुनंच आहे

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, ते रोमन लिपीत. मराठी रचना तयार होती, पण छापखान्यात देवनागरीचे खिळेच नव्हते. ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरीत छापलेली आवृत्ती यायला थेट १९५६ उजाडलं. कवीचं काम पूर्ण झालं म्हणजे पुस्तक पूर्ण होत नाही. ते घडवायची साधनं तिथे हजर असावी लागतात.

पुढे संगणक आले, तरी प्रश्न वेगळ्या कपड्यांत तसाच राहिला. आपल्या आईवडिलांच्या पिढीत ज्यांनी डीटीपीचं काम केलंय त्यांना विचारा. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या पॅकेजमध्ये मजकूर टाइप करायचा, फाइल छापखान्यात न्यायची, आणि तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसायची. युनिकोडमुळे अक्षरांचे क्रमांक सगळीकडे सारखे झाले आणि ती भेळ बरीच थांबली. पण क्रमांक सारखा असला तरी अक्षर काढणारा फॉन्ट वेगळा असू शकतो, त्याला आकार देणारा प्रोग्राम वेगळा असू शकतो, त्या प्रोग्रामची आवृत्ती वेगळी असू शकते.

याचं रोजचं उदाहरण म्हणजे आपले ल आणि श. मराठीतले त्यांचे आकार हिंदीतल्या आकारांपेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयातही मराठी वळणाचा आग्रह आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक. मराठी वळण हवं असेल तर फॉन्टमध्ये ते असावं लागतं आणि ‘हा मजकूर मराठी आहे’ असं प्रोग्रामला सांगावं लागतं. बडोद्यात तर एकाच घरात एक संगणक गुजरातीवर, एक इंग्रजीवर, एक हिंदीवर. त्यामुळे कुठल्या यंत्रावर अंक बनला, यावर त्याचा चेहरा ठरतो. हे बरं नाही.

बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. संगणकात हेच काम ‘कंटेनर’ करतो. प्रोग्राम, त्याला लागणारी उपकरणं, फॉन्ट, मांडणीच्या फाइली, सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या यंत्रावर जसंच्या तसं उघडायचं.

शब्द आला मालवाहतुकीतून. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन निघालं. तोवर गोदीत एकेक पोतं, एकेक खोकं हमाल चढवत-उतरवत. पेटी ठरावीक मापाची झाल्यावर आत काय आहे याच्याशी क्रेनला, ट्रकला, रेल्वेला घेणंदेणं उरलं नाही. आपल्या शहराजवळ दशरथच्या कंटेनर डेपोत त्या पेट्या रचलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. आत रसायन असो की कापड, बाहेरचा सांगाडा तोच.

सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना घरोघरी पोचवली ती २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने. त्याच्या आधीही लिनक्समध्ये एक काम दुसऱ्यापासून वेगळं ठेवण्याच्या सोयी होत्या, पण त्या तज्ज्ञांपुरत्या. डॉकरने त्या साध्या आज्ञांमध्ये आणल्या. २०१५ पासून या गाठोड्याचं माप ठरवणारं एक खुलं प्रमाणही आहे, त्यामुळे डॉकरने बांधलेलं गाठोडं पॉडमनसारख्या दुसऱ्या प्रोग्राममध्येही उघडतं.

चार शब्द पक्के करून घेऊ

बडोद्याला परिभाषेचं वावडं नाही. १९३१ मध्ये याच संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढून कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजरातीसह आपल्याकडच्या अनेक भाषांमधले प्रतिशब्द दिले होते. डॉकरच्या बाबतीत मात्र मी इंग्रजी शब्दच ठेवते, कारण पडद्यावर तेच दिसणार. अर्थ मात्र स्वयंपाकघरातून घेते.

डॉकरफाइल म्हणजे पाककृती. काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने करायचं, हे लिहिलेली साधी मजकुराची फाइल.

इमेज म्हणजे त्या पाककृतीने भरलेला, झाकण लावलेला डबा. तो बदलत नाही. कितीही जणांना त्याच्या प्रती देता येतात.

कंटेनर म्हणजे तो डबा उघडून प्रत्यक्ष जेवायला बसणं. काम झालं की ताट उचलायचं. डबा तसाच राहतो.

आणि बिल्डर म्हणजे जिथे डबा भरला जातो ते स्वयंपाकघर. नवशिक्यांना शिकवताना हा चौथा शब्द बहुतेक वेळा गाळला जातो. डॉकरसोबत एक स्वयंपाकघर आपोआप येतं आणि सुरुवातीला त्यावर भागतंही. पण घरात कार्य असलं की आपण रोजच्या ओट्यावर दोनशे पानांचा स्वयंपाक करत नाही. मागच्या अंगणात वेगळा मुदपाकखाना मांडतो. तसंच इथे.

वेगळा मुदपाकखाना कशासाठी?

तीन कारणं आहेत, तिन्ही आपल्या मंडळाला लागू पडणारी.

पहिलं, सगळ्यांचे लॅपटॉप एका जातीचे नाहीत. बहुतेकांकडे इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आहे. त्या जातीला एएमडी६४ म्हणतात. ॲपलच्या नव्या लॅपटॉपमध्ये आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांत एआरएम६४ जात असते. एका जातीसाठी भरलेला डबा दुसऱ्या जातीवर सरळ चालत नाही. डॉकरच्या मूळ बिल्डरला दोन्ही जातींची इमेज एकदम बनवणं जुन्या पद्धतीच्या साठवणीत जमत नाही. नव्या कंटेनरडी साठवणीत जमतं. वेगळा बिल्डर मांडला की साठवण कुठली, याची चिंता करावी लागत नाही.

दुसरं, बिल्डरची आवृत्ती आपल्या हातात राहते. डॉकर अद्ययावत झालं म्हणून आपली पाककृती शिजवण्याची पद्धत बदलू नये असं वाटत असेल, तर वेगळ्या बिल्डरला ‘हीच आवृत्ती वापर’ असं सांगता येतं.

तिसरं, पसारा वेगळा राहतो. अंकाचं काम संपलं की तो बिल्डर मोडून टाकायचा. बाकीच्या प्रयोगांना धक्का लागत नाही.

मांडणी

आता आज्ञा. आपल्या अंकाचा नियम म्हणून त्या देवनागरीत छापतेय. तुम्ही टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायच्या. आकडेही रोमनच. स्टीफन्सची मराठी रोमनमध्ये छापावी लागली, इथे रोमन आज्ञा देवनागरीत आल्यात. फिटंफाट!

आधी डॉकर यंत्रावर हवं. विंडोजवर आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉप बसवतात. विंडोजवर त्यासाठी सहसा डब्ल्यूएसएल २ ही लिनक्सची सोय चालू करतात. शिक्षणासाठी डॉकर डेस्कटॉप मोफत आहे. लिनक्सवर नुसतं डॉकर इंजिन पुरतं. बिल्डएक्स नावाचा भाग सोबत आलाय का, ते असं बघा :

डॉकर बिल्डएक्स व्हर्जन

आवृत्तीचा आकडा दिसला की पुढे जायला हरकत नाही. आत्ता कुठले बिल्डर आहेत ते बघू :

डॉकर बिल्डएक्स एलएस

यादीत किमान एक नाव दिसेल, डीफॉल्ट. नावापुढे चांदणी असलेला बिल्डर सध्या वापरात आहे. आता आपला मुदपाकखाना मांडू :

डॉकर बिल्डएक्स क्रिएट --नेम मुदपाक --ड्रायव्हर डॉकर-कंटेनर --बूटस्ट्रॅप --यूज

एकेक तुकडा बघू. क्रिएट म्हणजे नवा बिल्डर मांड. नेमनंतर त्याचं नाव. नाव दिलं नाही तर डॉकर स्वतःच काहीतरी गमतीदार नाव ठेवतं आणि आठवड्याने आपल्यालाच कळत नाही ते कशाचं. ड्रायव्हर म्हणजे हे स्वयंपाकघर कुठे चालणार. ‘डॉकर-कंटेनर’ सांगितलं की बिल्डकिट नावाचा आचारी स्वतःच्या वेगळ्या कंटेनरमध्ये बसतो. दुसऱ्या संगणकावरचा किंवा संगणकांच्या समूहावरचा बिल्डर वापरण्यासाठीही ड्रायव्हर आहेत, पण आपल्याला त्यांची गरज नाही. बूटस्ट्रॅप म्हणजे आत्ताच चूल पेटव, पहिल्या कामाची वाट बघू नकोस. पहिल्या वेळी बिल्डकिटची इमेज इंटरनेटवरून उतरते, त्यामुळे थोडा वेळ लागतो. होस्टेलच्या वायफायवर असाल तर रात्री उशिरा करा. शेवटचं यूज म्हणजे इथून पुढे हाच बिल्डर वापर.

झालं का ते तपासायला :

डॉकर बिल्डएक्स इन्स्पेक्ट मुदपाक

इथे ‘स्टेटस’समोर ‘रनिंग’ आणि ‘प्लॅटफॉर्म्स’समोर तो कुठल्या जातींसाठी डबे भरू शकतो त्यांची यादी दिसते. तुमच्या जातीखेरीज दुसरी जात त्यात नसेल, तर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा क्यूईएमयू हा प्रोग्राम जोडावा लागतो. डॉकर डेस्कटॉपमध्ये तो आधीच असतो, लिनक्सवर वेगळा बसवतात. नक्कल ती नक्कलच. त्या जातीची इमेज बनायला बराच जास्त वेळ लागतो. घाबरून मध्येच बंद करू नका.

पाककृती

एक रिकामी घडी, म्हणजे फोल्डर, घ्या आणि त्यात डॉकरफाइल नावाची फाइल बनवा. नावाला पुढे काही शेपूट लावायचं नाही. नोटपॅड गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवतं, ते काढून टाका. आत पाच ओळी :

फ्रॉम डेबियन:बुकवर्म-स्लिम
रन ऍप्ट-गेट अपडेट && ऍप्ट-गेट इन्स्टॉल --येस --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स पॅन्डॉक वीझीप्रिंट फॉन्टकॉन्फिग फॉन्ट्स-नोटो-कोर
कॉपी साचा.सीएसएस अंक.एसएच /साधने/
वर्कडिर /काम
एन्ट्रीपॉइंट ["एसएच", "/साधने/अंक.एसएच"]

पहिल्या ओळीत पाया. डेबियन ही लिनक्सची एक जुनी, भरवशाची आवृत्ती. बुकवर्म हे तिच्या बाराव्या पिढीचं नाव, आणि स्लिम म्हणजे अनावश्यक गोष्टी काढलेली.

दुसऱ्या ओळीत भांडी. पॅन्डॉक साध्या मजकुराचं वेबपान करतो, वीझीप्रिंट त्या पानाची पीडीएफ करतो, आणि नोटोच्या संचात देवनागरी फॉन्ट आहे. ‘अपडेट’ आणि ‘इन्स्टॉल’ एकाच ओळीत आहेत ते मुद्दाम. प्रत्येक ओळीचा इमेजमध्ये एक थर बसतो आणि बिल्डर तो थर आठवणीत ठेवतो. दोन वेगळ्या ओळी केल्या तर पुढच्या वेळी ‘अपडेट’ जुन्या आठवणीतून येतं, ‘इन्स्टॉल’ नव्याने चालतं, आणि जुन्या यादीतलं सामान दुकानात सापडत नाही.

तिसऱ्या ओळीने आपल्या दोन फाइली डब्यात जातात. साचा म्हणजे अंकाची मांडणी : समास, शीर्षकाचा आकार, फॉन्टचं नाव. अंक.एसएच म्हणजे पॅन्डॉकला आणि वीझीप्रिंटला क्रमाने हाक मारणारी छोटी फाइल. मजकुराची भाषा मराठी आहे हे त्यातच सांगायचं, म्हणजे ल आणि श आपल्या वळणाने येतात. जागा साफ करणारा आमचा तो प्रोग्रामही याच फाइलीत आहे. म्हणजे कुणाकडे जुनी प्रत असण्याचा प्रश्नच मिटतो.

चौथी ओळ काम कुठल्या फोल्डरमध्ये चालेल ते सांगते, आणि पाचवी डबा उघडल्यावर पहिलं काय करायचं ते.

क्रम महत्त्वाचा आहे. जे क्वचित बदलतं ते वर, जे रोज बदलतं ते खाली. साच्यात एक समास बदलला तर फक्त तिसऱ्या ओळीपासून खालचे थर नव्याने बसतात. फॉन्ट पुन्हा उतरवावे लागत नाहीत. कॉपीची ओळ वर घेतली तर प्रत्येक लहान बदलाला सगळं सामान पुन्हा इंटरनेटवरून येईल.

डबा भरायचा

त्याच फोल्डरमध्ये उभं राहून :

डॉकर बिल्डएक्स बिल्ड --टॅग अंक:दिवाळी --लोड .

शेवटचा ठिंपका विसरू नका. ‘सामान याच फोल्डरमध्ये आहे’ असा त्याचा अर्थ. आणि लोडसुद्धा विसरू नका. इथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मुदपाकखाना अंगणात आहे ना! तिथे शिजलेलं आपोआप घरात येत नाही. लोड म्हटलं तर इमेज आपल्या डॉकरच्या कपाटात येते, पुश म्हटलं तर इंटरनेटवरच्या साठवणीत जाते, आणि दोन्हीपैकी काहीच म्हटलं नाही तर ती बिल्डरच्या आठवणीतच राहते. पडद्यावर सूचना येते, पण सगळं सुरळीत संपल्यासारखं दिसत असल्यामुळे ती कुणी वाचत नाही. मग ‘इमेज सापडत नाही’ म्हणून आपण कपाळावर हात मारतो.

दोन्ही जातींसाठी हवी असेल, तर :

डॉकर बिल्डएक्स बिल्ड --प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४,लिनक्स/एआरएम६४ --टॅग साठवणीतलं-नाव/अंक:दिवाळी --पुश .

इंटरनेटवरच्या साठवणीत ती एकाच नावाखाली राहते आणि उतरवून घेणाऱ्याच्या यंत्राला जी जात लागते ती त्याला मिळते. साठवणीत खातं उघडायचं नसेल, तर एकेका जातीची इमेज वेगवेगळ्या नावाने, लोड वापरून बनवा आणि फाइल करून पेनड्राइव्हवर घ्या :

डॉकर सेव्ह --आउटपुट अंक.टार अंक:दिवाळी

दुसऱ्या यंत्रावर :

डॉकर लोड --इनपुट अंक.टार

मग मजकुराचं फोल्डर डब्याला जोडून अंक काढायचा :

डॉकर रन --आरएम --व्हॉल्यूम ./मजकूर:/काम अंक:दिवाळी

व्हॉल्यूमनंतर आपल्या फोल्डरचं नाव आणि डब्यातल्या फोल्डरचं नाव, मध्ये विसर्गासारखं चिन्ह. आरएम म्हणजे जेवण झालं की ताट उचल. पीडीएफ आपल्याच ‘मजकूर’ फोल्डरमध्ये सापडते.

चव घेतल्याशिवाय वाढू नका

एक गैरसमज दूर करायला हवा. कंटेनर चूक सुधारत नाही, तो फक्त सगळीकडे सारखं वागतो. जोडक गिळणारा प्रोग्राम आपणच डब्यात भरला, तर आता प्रत्येक यंत्रावर, न चुकता, आचाऱ्यांचे आचार्य होतील. म्हणून आम्ही मजकुरासोबत एक परीक्षेचं पान ठेवलंय. त्यात फक्त अवघड शब्द : आचाऱ्यांना आणि आचार्यांना, दऱ्या आणि दर्या, बिऱ्हाड, कुऱ्हाड, वाङ्मय, ज्ञानेश्वरी, ॲप, ऑफिस, शिल्लक, शाळा. पापणीचा र दोन्ही रीतींनी टाइप केलेला. इमेज नवी बनवली की आधी या पानाची पीडीएफ काढायची आणि दोघांनी डोळ्यांखालून घालायची. शब्द चुकले तर इमेज बाद.

आणखी तीन गोष्टी.

पासवर्ड डब्यात भरू नका. अंक मेलने पाठवण्याचा पासवर्ड एका ओळीत कॉपी केला आणि पुढच्या ओळीत पुसला, तरी आधीच्या थरात तो राहतो आणि इमेज हाती आलेल्या कुणालाही काढता येतो. बिल्ड करताना गुपित द्यायचंच असेल तर त्यासाठी ‘--सीक्रेट’ ही वेगळी सोय आहे. तसंच न छापलेल्या कथा-कवितांचं. लेखकांनी विश्वासाने दिलेला मजकूर इमेजमध्ये जाऊ नये म्हणून त्या फोल्डरचं नाव ‘.डॉकरइग्नोर’ फाइलीत लिहून ठेवा.

दुसरं, पाककृती तीच असली तरी दुकानातलं सामान बदलतं. आज आणि दोन वर्षांनी त्याच डॉकरफाइलवरून बनवलेल्या इमेज अगदी एकसारख्या असतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक अंकासोबत पाककृती तर ठेवायचीच, पण भरलेला डबा, म्हणजे ती टार फाइलसुद्धा, जपून ठेवायची.

तिसरं, जागा. बिल्डरच्या आठवणी साठत जातात. किती जागा खाल्ली ते ‘डॉकर बिल्डएक्स डीयू’ने दिसतं, ‘डॉकर बिल्डएक्स प्रून’ने नको ते जातं. अंकाचं काम संपलं की ‘डॉकर बिल्डएक्स आरएम मुदपाक’ म्हणून मांडव उतरवायचा. भरलेल्या इमेजला काही होत नाही.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे आणि यंत्रावर पूर्ण अधिकार नाहीत, उदाहरणार्थ लॅबमधले संगणक, त्यांनी पॉडमनचा विचार करावा. त्याला सतत मागे चालणारी सेवा लागत नाही आणि साध्या वापरकर्त्याच्या खात्यातही ते चालतं. डॉकरफाइल तीच चालते. लॅबच्या सरांना आधी विचारा, एवढंच.

हे सगळं कशासाठी?

एका पीडीएफसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आपल्या मंडळाचं एक कायमचं दुखणं आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं जातात आणि अंक बनवायची युक्तीही त्यांच्या लॅपटॉपबरोबर जाते. जूनमध्ये नवे संपादक येतात, त्यांच्या हातात जुन्या पीडीएफ असतात, पण त्या कशा बनल्या ते कुणालाच माहीत नसतं. मग पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः संपादक झाले तेव्हा आधीच्या ताईंना फोन करकरून पहिला महिना काढला. त्यांनाही अर्धं आठवत नव्हतं.

या वर्षी मी जाणार आहे. मागे ठेवून जाते ते एक फोल्डर : पाच ओळींची डॉकरफाइल, साचा, परीक्षेचं पान, दोन टार फाइली, आणि मुदपाकखाना मांडायच्या आज्ञा लिहिलेलं एक पान, मराठीत. पुढच्या संपादकाला माझा फोन नंबर लागू नये, अशी इच्छा आहे. लागलाच तर करावा, राग नाही.

आणि हो, आचाऱ्यांची गोष्ट राहिली. चूक सुधारलेला अंक घेऊन मी कँटीनमध्ये गेले आणि काकांना ती ओळ मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘बरोबर आहे आता. आधी वाचलं तेव्हा वाटलं, आम्हाला विसरलात.’ म्हणजे त्यांनी पहिला अंकही वाचला होता.